बर्फाची बखर

इतिहासाची साधने म्हणजे कागद, ताम्रपट, शिलालेख आणि नाणी, अशी आपली एक बसलेली समजूत आहे. मालवणच्या माणसाला ती विशेष जवळची, कारण १६६४ साली कुरटे बेटावर ज्या किल्ल्याचा पाया घातला गेला त्याचा तट पाहतच तो लहानाचा मोठा होतो. त्या तटाच्या पायात शिसे ओतले आहे, असे आपण ऐकत आलो. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले की दुसऱ्याचे ऐकले, हे प्रश्न मात्र फार उशिरा सुचतात. ते विचारण्याची सवय महाराष्ट्राला लावली ती इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची कसून झडती घेतली. त्या झडतीतून आपण एक गोष्ट शिकलो. बखर काय सांगते एवढे वाचून भागत नाही. ती तसे कशामुळे सांगते, हे ओळखल्याशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही.

पृथ्वीच्या दोन्ही टोकांना अशीच एक बखर पडून आहे. ती बर्फाची आहे. तिची पाने म्हणजे वर्षानुवर्षे पडलेल्या हिमाचे थर, आणि तिच्यातली अक्षरे अनेक जातींची: बर्फात कोंडलेली जुनी हवा, वाऱ्याने वाहून आणलेली धूळ, ज्वालामुखींची राख, आणि खुद्द बर्फाच्या कणांचा आकार. या शेवटच्या अक्षराचा इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे. बर्फाचा कण केवढा आहे एवढेच मोजण्याची ही गोष्ट. ऐकायला ती क्षुल्लक वाटेल. परंतु त्या मोजणीला शंभरांहून अधिक वर्षे लागली, तिच्यावरून विद्वानांत वाद माजला, आणि त्या वादाचा एक धागा आपल्या किनाऱ्याच्या भवितव्याशी येऊन मिळतो.

प्रथम कण म्हणजे काय ते पाहू. १९३० साली जेथे सत्याग्रह झाला ती शिरोड्याची मिठागरे आपल्या परिचयाची आहेत. आगरातले पाणी उन्हात संथपणे आटते आणि मिठाचा खडा ठसठशीत होतो. तेच खारे पाणी चुलीवर घाईने आटवले तर मीठ बारीक पडते. बर्फाचेही तसेच. मासळी संथपणे गोठवली तर तिच्या मांसात बर्फाचे मोठे कण वाढतात, पेशी फुटतात, आणि वितळताना मासळी पाणी सोडून लिबलिबीत होते. म्हणून निर्यातीचे कारखाने ती झटपट गोठवतात. मीठ काय आणि बर्फ काय, दोन्ही स्फटिक. बर्फाची लादी आपल्याला एकसंध काचेसारखी दिसते, पण ती असंख्य स्फटिकांची बनलेली असते, आणि जांभ्याच्या भिंतीत चिऱ्याला चिरा भिडावा तसे ते एकमेकांना भिडलेले असतात. यातला प्रत्येक चिरा म्हणजे एक कण. डोळ्याला त्यांचे सांधे दिसत नाहीत, ही या विषयातली पहिली अडचण.

ध्रुवप्रदेशात हिम पडते ते वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचे पडते, त्यावर त्याच्या पुढचे. खालचे थर दाबले जातात, हिमकणांमधली हवेची वाट अरुंद होत जाते, आणि साधारण साठ ते शंभर मीटर खोलीवर ती पुरती बंद होऊन हिमाचा बर्फ होतो. या साऱ्या काळात कण स्वस्थ नसतात. साबणाचा फेस भांड्यात ठेवून पाहावा. लहान बुडबुडे नाहीसे होतात आणि मोठे अधिक मोठे होतात. बर्फातही मोठा कण लहानाला गिळतो. दोन कणांमधला प्रत्येक सांधा राखण्याला शक्ती खर्ची पडते, म्हणून एकंदर सांधे कमी व्हावेत अशीच निसर्गाची ओढ असते. फरक इतकाच की फेसाला मिनिटे लागतात, ध्रुवीय बर्फाला शतके. सुरुवातीला मिलिमीटरहून लहान असलेला कण काही मिलिमीटरांचा होईपर्यंत हजारो वर्षे लोटतात.

आल्प्स पर्वतातल्या हिमनद्यांचे हे कण लोकांनी पूर्वीच पाहिले होते. उन्हाने हिमनदीचे तोंड पोखरले की सांधे उघडे पडतात आणि बर्फ खड्याखड्यांनी सुटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडचा फोरेल हा सरोवरांचा अभ्यासक या कणांच्या मागे लागला. वरच्या अंगाला कण बारीक आणि खाली तोंडाकडे यावे तसे मोठे, असे दिसत होते. अर्थात कणाच्या आकारात बर्फाचे वय लिहिलेले असावे, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. परंतु नुसत्या डोळ्यांनी पाहून कल्पनेचे शास्त्र होत नाही.

त्या कल्पनेला खरी पद्धत मिळाली १९३८ साली. जेराल्ड सेलिगमन या इंग्रज हिमशास्त्रज्ञाने युंगफ्राउयोख येथे, आल्प्समध्ये साडेतीन हजार मीटरांच्या आसपास, एक तुकडी नेली. तीत मॅक्स पेरुट्झ नावाचा चोवीस वर्षांचा तरुण होता. मूळचा व्हिएन्नाचा, केंब्रिजला रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर काम करणारा. स्फटिकशास्त्रातली नजर त्याने हिमनदीवर वळवली. बर्फाचे पातळ काप काढून ते ध्रुवित प्रकाशात पाहावयाचे, कण मोजावयाचे आणि त्यांचा रोख टिपावयाचा, असे ते काम होते. १९३९ साली सेलिगमन व पेरुट्झ यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. पुढे १९६२ साली पेरुट्झला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते हिमोग्लोबिनसाठी. पण हिमनदीच्या अभ्यासकांना तो आधीपासून आपलाच वाटतो.

याच पेरुट्झला महायुद्धात एका विलक्षण कामावर घेतले गेले. बर्फाचे प्रचंड जहाज बांधून त्यावर विमाने उतरवावीत, अशी ब्रिटिश सरकारची एक योजना होती. लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराखालच्या शीतगृहात पेरुट्झने बर्फात थोडा लाकडाचा लगदा मिसळून त्याच्या कसोट्या घेतल्या. साधा बर्फ ठिसूळ, लगद्याचा बर्फ कमालीचा चिवट. जहाज कधी झाले नाही. तथापि बर्फात मिसळलेला परका पदार्थ बर्फाचा स्वभाव पालटतो, हे मात्र या खटाटोपात ठसठशीतपणे दिसून आले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे चाळीस वर्षांनी झालेल्या वादाची किल्ली अशाच एका परक्या पदार्थात होती.

युद्धानंतर हे काम आल्प्समधून ध्रुवांकडे सरकले. १९४९ ते १९५२ या काळात नॉर्वे, ब्रिटन व स्वीडन यांची संयुक्त मोहीम अंटार्क्टिकातील क्वीन मॉड लँडवर राहिली, आणि तेथे वाल्टर श्युट या स्वीडिश शास्त्रज्ञाने पोकळ नळीने सुमारे शंभर मीटर खोलीपर्यंतचा बर्फ बाहेर काढला. अशा बाहेर काढलेल्या दंडगोल बर्फाला गाभा म्हणतात. पुढे वेध अधिकाधिक खोल जात राहिले. १९६६ साली ग्रीनलंडमधील कॅम्प सेंच्युरी येथे १,३८७ मीटरांवर तळचा खडक लागला. १९६८ साली अंटार्क्टिकातील बर्ड ठाण्यावर २,१६४ मीटरांवर. या गाभ्यांतले कण मोजत बसण्याचे चिकाटीचे काम अँथनी गाऊ यांनी केले. १९६९ साली त्यांनी दक्षिण ध्रुवप्रदेशातल्या कणांच्या वाढीचा हिशेब प्रसिद्ध केला. कणाच्या छेदाचे क्षेत्रफळ काळाच्या प्रमाणात वाढते, आणि वाढीचा वेग तपमानावर अवलंबून असतो, असा त्याचा सारांश. हा वेग थोडाथोडका बदलत नाही; शून्याखाली ५० अंशांवर जी वाढ होते तिच्या दहापटींहून अधिक वाढ शून्याखाली २० अंशांवर होते.

येथे क्षणभर थांबून हे मोजतात कसे ते पाहू. शीतखोलीत गाभ्याची चकती करवतीने कापतात, काचपट्टीवर गोठवून चिकटवतात, आणि धारदार पात्याने तासत तासत अर्ध्या मिलिमीटरहून पातळ करतात. हा काप दोन ध्रुवक काचांच्या मध्ये धरला की चमत्कार घडतो. जो बर्फ पारदर्शक आणि बिनसांध्याचा दिसत होता त्याचा प्रत्येक कण वेगळ्या रंगाने उजळतो, कोणी निळा, कोणी केशरी, कोणी काळा, कारण प्रत्येकाच्या अंतर्रचनेचा रोख निराळा असतो. मग त्या चित्रावर सरळ रेषा ओढून ती किती सांधे ओलांडते ते मोजतात. शंभर मिलिमीटरांच्या रेषेत चाळीस सांधे लागले तर सरासरी कण अडीच मिलिमीटरांचा. कोणी ठरावीक चौकटीतले कण मोजून क्षेत्रफळाला भागतात. तर काहींनी चित्रातले सर्वांत मोठे कण तेवढे निवडून मोजले. आज हे काम यंत्रे करतात आणि हजारो कण थोड्या वेळात मोजून होतात.

पण यंत्र आले म्हणून पेच सुटला नाही. सुपाऱ्यांची एक रास कल्पावी, सगळ्या सुपाऱ्या सारख्या आकाराच्या. तिच्यातून एकदम करवत फिरवली तर एखादी सुपारी मधोमध कापली जाईल, एखादीची नुसती कड निघेल. कापाच्या तोंडावर लहान-मोठी वर्तुळे दिसतील, आणि पाहणारा म्हणेल की सुपाऱ्या लहान-मोठ्या आहेत. बर्फाच्या कापाचेही असेच होते. त्यातून तीन मोजणारांनी तीन पद्धती वापरल्या तर एकाच गाभ्यातून तीन आकडे निघणार. सर्वांत मोठे कण निवडणाराची सरासरी साहजिकच मोठी. यासाठी ‘कण चार मिलिमीटरांचा’ एवढे सांगून भागत नाही. कोणत्या पद्धतीने मोजला हेही सांगावे लागते. जुन्या कागदावरची तारीख शकातली की सुहूर सनातली हे न पाहता वापरणारा जसा फसतो, तसाच येथेही फसतो.

आता त्या वादाकडे येऊ. पूर्व अंटार्क्टिकाच्या उंच पठारावर डोम सी नावाची जागा आहे. तेथे फ्रेंचांनी काढलेल्या ९०५ मीटरांच्या गाभ्यातले कण पॉल दुव्हाल व क्लोद लोरियस यांनी तपासले आणि १९८० साली आपला निष्कर्ष मांडला. वरून खाली कण नियमाप्रमाणे मोठे होत गेले. पण शेवटच्या हिमयुगातला बर्फ लागताच ते एकदम लहान झाले. बर्फ अधिक जुना, आणि कण मात्र अधिक बारीक! वयाबरोबर कण वाढतो या नियमालाच ते आव्हान होते. सात वर्षांनी व्होस्तोक या रशियन ठाण्याच्या गाभ्यातही पती, दुव्हाल व लोरियस यांना तोच प्रकार आढळला.

त्यांनी लावलेला अर्थ मोठा मोहक होता. हिमयुगात हिम अधिक थंडीत पडले, म्हणून त्याचे कण बारीक राहिले, आणि त्या थंडीची आठवण बर्फाने हजारो वर्षे जपून ठेवली. तसे असेल तर कणाचा आकार म्हणजे प्राचीन तपमानाची थेट नोंद ठरते. बर्फ कापावा आणि त्या काळची थंडी वाचावी. परंतु रिचर्ड अ‍ॅली प्रभृती अमेरिकन अभ्यासकांनी १९८६ सालीच निराळी दिशा दाखवली होती. कण वाढतो तो सांधा सरकल्याने. सांध्याच्या वाटेत परके द्रव्य आले तर तो अडतो, आणि कण वाढावयाचा राहतो. आता हिमयुगात पृथ्वी कोरडी होती, वारे जोराचे होते, आणि अंटार्क्टिकावर पडणारी धूळ आजच्या सुमारे २५ पट होती. मग कण लहान राहिले ते थंडीमुळे की धुळीमुळे?

हा प्रश्न निकालात निघण्यास वीस वर्षे लागली. १९९६ नंतर युरोपीय राष्ट्रांनी त्याच डोम सी येथे नवा वेध घेतला आणि २००४ साली ते तळाजवळ, सव्वातीन किलोमीटरांच्या खोलीवर पोहोचले. त्या गाभ्यात आठ लाख वर्षांचा इतिहास होता, म्हणजे एक नव्हे, अनेक हिमयुगे एकाखाली एक. धूळ आणि कण यांची जोडी पुनःपुन्हा ताडून पाहता आली. २००६ साली गेल द्युराँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की धुळीचे सूक्ष्म कण सांध्यांना अडवून धरतात, असे मानून केलेला हिशेब प्रत्यक्ष मोजणीशी चांगला जुळतो. बर्फाने थंडीची आठवण ठेवली होती हे खरे, पण ती धुळीच्या तोंडून सांगितली होती. साक्षीदार खोटे बोलला नव्हता. त्याची भाषा आपण चुकीची लावली होती.

व्होस्तोकच्या तळाशी याहून मोठी गंमत निघाली. १९९८ साली तेथला वेध ३,६२३ मीटरांवर थांबला. सुमारे ३,५४० मीटरांच्या खाली बर्फाचे कण एकाएकी प्रचंड झाले, काही तर मीटरभर. जुना नियम लावणारा म्हणाला असता की हा बर्फ अपरंपार जुना असला पाहिजे. वास्तविक तो आकाशातून पडलेला नव्हताच. त्या ठिकाणी बर्फाखाली एक विशाल सरोवर आहे, आणि त्याचे पाणी खालून अतिशय संथपणे गोठून हा बर्फ झालेला आहे. शिरोड्याच्या आगरात निवांत पाण्यात मिठाचा खडा जसा मोठा होतो तसाच हा प्रकार. आकार मोठा, म्हणून वय मोठे, हे अनुमान येथे साफ कोसळले. ग्रीनलंडच्या १९९२ साली तळाला पोहोचलेल्या गाभ्यात तिसरीच तऱ्हा दिसली. वरच्या सुमारे सातशे मीटरांत कण वाढले आणि नंतर पुष्कळ खोलीपर्यंत वाढायचे थांबले, कारण वाहत्या बर्फाच्या ताणाने मोठे कण पुन्हा फुटू लागले.

एवढ्या बारकाव्यात शिरण्याचे आपल्याला कारण काय, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. ध्रुवीय बर्फ स्थिर नसतो. तो स्वतःच्या भाराने वाहतो, समुद्राकडे सरकतो, आणि तो किती वेगाने सरकेल हे बऱ्याच अंशी त्याच्या कणांवर अवलंबून असते. ग्रीनलंडच्या दक्षिण भागात डाय-३ या ठिकाणी १९८१ साली २,०३७ मीटर खोल वेध पुरा झाला. त्या विवराच्या झुकण्यावरून असे दिसले की हिमयुगातला बारीक कणांचा, धुळकट बर्फ वरच्या बर्फापेक्षा अडीच-तीन पट सहज वाकतो. त्यात कणांच्या लहानपणाचा वाटा किती, त्यांच्या रोखाचा किती आणि अशुद्धींचा किती, यावर अजून ऊहापोह चालू आहे. बर्फाच्या थराची बेरीज-वजाबाकी करणाराला हा हिशेब टाळता येत नाही.

आणि ती बेरीज-वजाबाकी शेवटी समुद्राच्या पातळीची असते. १९०१ ते २०१८ या अवधीत जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी वाढली, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०२१ साली नमूद केले. ग्रीनलंडवर सात मीटरांच्या चढाइतका आणि अंटार्क्टिकावर अठ्ठावन्न मीटरांच्या चढाइतका बर्फ साठलेला आहे. तो सारा उद्याच वितळेल असे कोणी म्हणत नाही. पण त्याचा लहानसा अंशही आपल्याला जड आहे. देवबागची जमीन डोळ्यांपुढे आणावी. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मध्ये माडांची व घरांची चिंचोळी पट्टी. तेथे हातभर पाणी चढणे म्हणजे काय, हे पोथीतून शिकण्याची कोणाला गरज नाही. ज्याने सिंधुदुर्गाचा तट समुद्रात उभा केला त्याने भरती-ओहोटीचा अंदाज आधी घेतला असणार. आपल्यालाही पुढच्या शतकाचा अंदाज घ्यावा लागणार आहे, आणि त्या अंदाजाच्या मुळाशी जी गणिते आहेत त्यांत हे मिलिमीटरांचे कण बसलेले आहेत.

ही सारी नावे परमुलखांतली आली, तेव्हा हा उद्योग परक्यांचाच आहे असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम निघाली ती गोव्याहून, ‘पोलर सर्कल’ या जहाजाने. ९ जानेवारी १९८२ रोजी तिने अंटार्क्टिकावर पाऊल ठेवले. पुढे ‘दक्षिण गंगोत्री’ आणि १९८९ साली ‘मैत्री’ ही ठाणी उभी राहिली ती त्याच क्वीन मॉड लँडवर, जेथे श्युट यांनी शंभर मीटरांचा गाभा काढला होता. १९९८ साली वास्को येथे राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्र स्थापन झाले. २०१८ पासून त्याचे नाव राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र असे आहे. मालवणाहून समुद्रमार्गाने शंभर किलोमीटरांच्या आत, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना, तेथल्या शीतखोल्यांत शून्याखाली २० अंशांवर अंटार्क्टिकाचा बर्फ जपलेला असतो. थंडी इतकी राखावी लागते याचे कारण आता उघड आहे: ऊब लागली तर बर्फ वितळण्याच्या कितीतरी आधीच त्यातले कण वाढू लागतील आणि नोंद बिघडेल.

या केंद्रातील अभ्यासकांनी क्वीन मॉड लँडच्या मध्यभागातल्या एका गाभ्यावरून १९०५ ते २००५ या शतकातले हवामान मांडले आणि २०१० साली तो निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत नाईक आणि रेडकर ही आपल्या किनाऱ्यावरची आडनावे वाचून आम्हांस आनंद झाला, हे लपविण्याचे कारण नाही. त्यांचे साधन कणांचा आकार हे नव्हते. बर्फातल्या प्राणवायूच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण हे होते. एका साधनाची साक्ष दुसऱ्याने पडताळावी लागते, ती अशी. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी डोम सीच्या जवळच २,८०० मीटर खोल वेध पुरा केला. त्या गाभ्यातला बर्फ बारा लाख वर्षांच्याही मागे जातो. इतक्या खोलीवर आणि इतक्या काळात कणांनी काय काय रूपे घेतली असतील, हे त्याचे काप रंगांत उजळतील तेव्हा कळेल.

राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले आणि कसर लागलेले कागद उलगडून वाचत बसले. गाऊ काय, दुव्हाल काय, हीही त्याच जातीची माणसे. त्यांचे दप्तर गोठलेले होते इतकेच. कागद असो की बर्फ, तो आपण होऊन बोलत नाही. कोणी मोजले, कशाने मोजले, आणि जे दिसले त्याला दुसरेही काही कारण असू शकेल काय, हे तीन प्रश्न विचारल्यावरच तो बोलू लागतो. समुद्र किती चढणार याचा आकडा वर्तमानपत्रात पुढच्या वेळी आपण वाचू, तेव्हा घाबरून जाण्यापूर्वी किंवा हसून सोडून देण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारावेत. आपल्या दारापर्यंत पाणी येणार की नाही हे ठरविणारी गणिते ज्यांनी मांडली, त्यांनीही ते स्वतःला विचारलेले असतात.